एकोणीस एकांची माळ

स्मरणिकेसाठी गणित विभागाने एखादा लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्हाला फार दूर जावे लागले नाही. एका पालक मेळाव्याच्या सायंकाळी आठवीच्या वर्गातील फळ्यावर आदल्या तासाची एक ओळ पुसायची राहून गेली होती. ओळ अशी होती :

११,११,११,११,११,११,११,११,१११

एक पालक त्या ओळीसमोर बराच वेळ उभे होते. आठ दिवसांनी ते सपत्नीक ऊसतोडीला निघणार होते आणि मुलाला वसतिगृहात सोडण्यासाठी आले होते. त्यांनी बोटाने एकेक अंक मोजला, एकोणीस भरले, आणि विचारले, “सर, हा कशाचा आकडा?” आम्ही सांगितले की ही एक मूळ संख्या आहे, तिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने पूर्ण भाग जात नाही. त्यांनी पुन्हा फळ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “कोणी भागून पाहिलं? आणि एवढ्या मोठ्या आकड्याचा आमच्या लेकराला उपयोग काय?”

हे दोन्ही प्रश्न खरे होते. त्या दिवशी घाईत दिलेले उत्तर आमचे आम्हालाच अपुरे वाटले. माजी विद्यार्थी, पालक आणि संस्थेचे हितचिंतक यांच्यासमोर ते उत्तर आता सवडीने मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. वाचकाला गुणाकार-भागाकार येत असला म्हणजे पुरे. त्यापलीकडचे जे लागेल ते आम्ही वाटेत सांगत जाऊ.

संख्या किती मोठी?

आपल्याकडे मोठ्या संख्यांना नावे देण्याची परंपरा जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी अठरा स्थानांची नावे येतात. आपली संख्या एकोणीस अंकी आहे. म्हणजे तिचा सर्वांत डावीकडचा एक हा परार्धाच्याही एक घर पलीकडे बसतो. त्या यादीत त्याला नाव नाही. याहून मोठ्या संख्यांची नावे ‘ललितविस्तर’ या बौद्ध संस्कृत ग्रंथात आढळतात. तेथे अर्जुन नावाचा गणितज्ञ तरुण सिद्धार्थाची परीक्षा घेतो आणि सिद्धार्थ कोटीपासून सुरुवात करून प्रत्येक पायरीला शंभराने गुणत ‘तल्लक्षणा’पर्यंत पोहोचतो. तल्लक्षण म्हणजे एकावर त्रेपन्न शून्ये. त्या मोजणीपुढे आमची संख्या लहानच ठरते.

तरीही अनुभवाच्या मापाने ती प्रचंड आहे. सेकंदाला एक या वेगाने, रात्रंदिवस न थांबता, कोणी एकपासून मोजत निघाले तर या संख्येपर्यंत पोहोचायला सुमारे ३,५२० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. त्याच्या हे अडीचपट झाले.

मूळ संख्या म्हणजे काय?

वसतिगृहाच्या भोजनगृहात छत्तीस विद्यार्थी जेवायला बसले तर पंगती अनेक प्रकारे मांडता येतात : दोन रांगांत अठरा-अठरा, तीन रांगांत बारा-बारा, चार रांगांत नऊ-नऊ, सहा रांगांत सहा-सहा. सदतिसावा विद्यार्थी आला की सगळी मांडणी मोडते. सदतीस जणांच्या सारख्या पंगती होतच नाहीत. एक तर सर्वांची मिळून एकच लांब पंगत, नाही तर प्रत्येकाची वेगळी. छत्तीस ही संयुक्त संख्या आणि सदतीस ही मूळ संख्या. प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून तयार होते, आणि ती एकाच प्रकारे होते. छत्तीस म्हणजे २ × २ × ३ × ३. दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्या घेऊन छत्तीस घडवता येत नाहीत. भिंतीला विटा, तशा संख्यांना मूळ संख्या.

मूळ संख्या कधी संपत नाहीत, हे ग्रीक गणितज्ञ युक्लिड यांनी सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी सिद्ध केले. मात्र पुढे जाऊ तसतशा त्या विरळ होत जातात, आणि एखादी मोठी संख्या समोर आली की ती मूळ की संयुक्त हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. पालकांच्या पहिल्या प्रश्नाचे मोल येथेच आहे.

एकांच्या माळा : महावीराचार्य ते कापरेकर

केवळ एक हाच अंक पुन्हा पुन्हा लिहून होणाऱ्या ११, १११, ११११ अशा संख्यांना इंग्रजीत ‘रिपयुनिट’ म्हणतात. एकेरी हाराला आपल्या भाषेत ‘एकावली’ असा सुंदर शब्द आहे. या लेखापुरता आम्ही तोच वापरतो. हाराची उपमा आमची नाही. नवव्या शतकात, मराठवाड्यावरही ज्यांची सत्ता होती त्या राष्ट्रकूटांच्या काळात, सम्राट अमोघवर्षाच्या आश्रयाखाली महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात उत्तर हारासारखे सुबक येईल असे गुणाकार ते विद्यार्थ्यांना घालतात : १,५२,२०७ × ७३ केले की आठ एकांची माळ मिळते, १,२३,४५,६७९ × ९ केले की नऊ एकांची. २,७९,९४,६८१ × ४४१ केले की १२,३४,५६,५४,३२१ मिळते. ती सहा एकांच्या एकावलीचा वर्ग आहे.

याच वर्गांकडे सुमारे अकराशे वर्षांनी महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांचे लक्ष गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यात शालेय शिक्षण, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात उच्च शिक्षण, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत अध्यापन, असे त्यांचे साधे आयुष्य. पदव्युत्तर पदवी त्यांच्याजवळ नव्हती, विद्यापीठातील पद नव्हते. १, १२१, १२,३२१, १२,३४,३२१ अशा एकावलींच्या वर्गांचा समावेश त्यांनी ‘डेम्लो संख्या’ या कुळात केला. ज्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली त्याचे नाव त्यांनी संख्यांना दिले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. ६,१७४ हा त्यांचा स्थिरांक आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो. चार अंक घ्या, मात्र चारही सारखे नकोत. ते उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर तीच क्रिया करीत राहा. सात पायऱ्यांच्या आत ६,१७४ येतेच. देशातील अनेक विद्वानांनी हे काम पोरखेळ मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकात कापरेकरांवर लिहिले आणि त्यांचे नाव सर्वदूर गेले. कापरेकर १९८६ मध्ये निवर्तले.

आमच्या विद्यार्थ्यांना हे आम्ही मुद्दाम सांगतो. गणित करायला आधी मोठे शहर, मोठे पद किंवा मोठी पदवी लागते, ही समजूत ग्रामीण भागातील मुलांच्या मनात फार लवकर रुजते आणि फार उशिरा निघते.

कोणती एकावली मूळ असते?

पहिल्या काही एकावली तपासून पाहू.

११ ही मूळ संख्या आहे.
१११ = ३ × ३७.
१,१११ = ११ × १०१.
११,१११ = ४१ × २७१.
१,११,१११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७.
११,११,१११ = २३९ × ४,६४९.

येथे एक नियम हाती लागतो. माळेतील एकांची संख्याच संयुक्त असेल, तर ती एकावली संयुक्त असणारच. सहा एकांच्या माळेचे दोन-दोन एकांचे तीन गट पडतात, म्हणून तिला ११ ने भाग जातो. तीन-तीनांचे दोन गट पडतात, म्हणून १११ नेही जातो. पंगतीचाच हा न्याय आहे. तेव्हा एकावली मूळ असायची तर एकांची संख्या आधी मूळ हवी.

पण तेवढ्याने भागत नाही. ३, ५ आणि ७ या मूळ संख्या असूनही तितक्या एकांच्या माळा तुटतात, हे वर दिसलेच. अकरा एकांची माळ २१,६४९ × ५,१३,२३९ अशी तुटते. तेरा एकांची माळ ५३ × ७९ × २६,५३,७१,६५३ अशी, आणि सतरा एकांची २०,७१,७२३ × ५,३६,३२,२२,३५७ अशी. या शेवटच्या माळेकडे पाहून तिला सात अंकी संख्येने भाग जात असेल असा संशयही येत नाही. मग येते एकोणीस एकांची माळ, आणि ती तुटत नाही. तिच्यानंतर तेवीस एकांची माळ मूळ आहे. पुढची थेट ३१७ एकांची, तिच्यापुढची १,०३१ एकांची. ४९,०८१ एकांची माळ मूळ असल्याचे २०२२ मध्ये, तर ८६,४५३ एकांच्या माळेचे २०२३ मध्ये सिद्ध झाले. अशा मूळ एकावली अनंत आहेत की कोठे तरी संपतात, हे अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

पहिला गुणधर्म : एकटीचे आवर्तन

सातवी-आठवीतील विद्यार्थी आवर्ती दशांश अपूर्णांक शिकतात. १ ला ३ ने भागले की ०.३३३… येते, एकच अंक पुन्हा पुन्हा येतो. ११ ने भागले की ०.०९०९… येते, दोन अंकांचे आवर्तन. ३७ ने भागले की ०.०२७०२७…, तीन अंकांचे. ४१ ने भागले तर ०२४३९ हे पाच अंक फिरत राहतात, आणि २७१ ने भागले तर ००३६९ हे पाच अंक.

आता आपल्या संख्येला ९ ने गुणा. एकोणीस नऊ मिळतात. त्यामुळे १ ला या संख्येने भागले असता दशांश चिन्हानंतर अठरा शून्ये आणि एक नऊ, पुन्हा अठरा शून्ये आणि एक नऊ, असे एकोणीस अंकांचे आवर्तन अखंड चालते.

यापुढची गोष्ट अधिक विलक्षण आहे. पाच अंकांचे आवर्तन ४१ आणि २७१ या दोघांत वाटले गेले आहे. एकोणीस अंकांचे आवर्तन मात्र या एकाच मूळ संख्येचे आहे. दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्येचे नाही. कारण सोपे आहे. ज्या मूळ संख्येचे आवर्तन एकोणीस अंकांचे असेल, तिने एकोणीस नवांच्या संख्येला पूर्ण भाग गेला पाहिजे. ती संख्या म्हणजे ३ × ३ × आपली एकावली. तीनचे आवर्तन एकाच अंकाचे असते. म्हणून ती वगळली की उरते केवळ एकावली.

दुसरा गुणधर्म : भाजक शोधायचे कोठे?

आता “कोणी भागून पाहिलं?” या प्रश्नाकडे येऊ. एखादी संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ भाजक तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. आपल्या संख्येचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी ४१ लाख आहे. तेथपर्यंतच्या मूळ संख्या पाच कोटींहून अधिक भरतात. त्या सर्वांनी भागून पाहायचे काय?

सुदैवाने तशी गरज नाही. समजा, एखाद्या मूळ संख्येने आपल्या एकावलीला भाग जातो. मग १० चा एकोणिसावा घात तिने भागला असता बाकी १ उरते. दहाचे घात भागत गेले की बाक्या ठरावीक अंतराने पुन्हा त्याच येतात, आणि येथे ते अंतर एकोणीसचा विभाजक असले पाहिजे. एकोणीस मूळ असल्याने ते १ किंवा १९ असणार. अंतर १ असायला ती मूळ संख्या ३ असावी लागते. पण आपल्या संख्येतील अंकांची बेरीज १९ आहे, म्हणून तिला ३ ने भाग जात नाही. तेव्हा अंतर १९ च. हे अंतर नेहमी मूळ संख्येहून एकने कमी असलेल्या संख्येला पूर्ण भागते, हे फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांच्या १६४० मधील प्रमेयावरून कळते. म्हणजे शोधायचा भाजक १९ च्या पटीहून एकने अधिक असणार. आणि तो विषम असल्याने ३८ च्या पटीहून एकने अधिक असणार.

अशा पहिल्या मूळ संख्या १९१, २२९, ४१९, ४५७ या आहेत. ७ ने, १३ ने, १०१ ने भागून पाहण्याचे श्रम वाचले. पाच कोटींच्या यादीतून सुमारे तीस लाख उमेदवार उरतात. तरी मिनिटाला एक भागाकार, दिवसाला आठ तास आणि एकही सुटी नाही असे धरले, तर एका माणसाची सतरा वर्षे जातील. आजच्या संगणकाला हे काम क्षणभराचे आहे. पण संगणक नसता तर? आणि आपल्याला संगणकाच्या शब्दावर विसंबायचे नसेल तर?

तिसरा गुणधर्म : शेजाऱ्याची साक्ष

येथे एक अनपेक्षित वाट उघडते. जी संख्या तुटत नाही तिच्याविषयीची साक्ष तिचा शेजारी देतो, आणि तो शेजारी मात्र अगदी सहज तुटतो.

आपल्या संख्येतून १ वजा करा. अठरा एक आणि शेवटी शून्य उरते. म्हणजे १० गुणिले अठरा एकांची माळ. अठराला विभाजक पुष्कळ, म्हणून ही माळ हाताने फोडता येते. तिचे नऊ-नऊ एकांचे दोन गट पाडले की ती ११,११,११,१११ × १,००,००,००,००१ अशी होते. त्यातील नऊ एकांची माळ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३,३३,६६७. महावीराचार्यांचे १,२३,४५,६७९ म्हणजे यातील ३७ आणि ३,३३,६६७ यांचाच गुणाकार. दुसरी संख्या आहे ७ × ११ × १३ × १९ × ५२,५७९. तेव्हा शेजाऱ्याचे सर्व मूळ अवयव असे : २, ३, ५, ७, ११, १३, १९, ३७, ५२,५७९ आणि ३,३३,६६७. यातील ३ तेवढा दोनदा येतो. या यादीत १९ आहे हेही योग्यच; आवर्तनाची लांबी मूळ संख्येहून एकने कमी असलेल्या संख्येला भागते, हे आताच आपण पाहिले.

आता साक्ष कशी मिळते ते पाहू. फर्मांचे प्रमेय सांगते की मूळ संख्या घेतली आणि तिने भाग न जाणाऱ्या कोणत्याही संख्येचा, त्या मूळ संख्येहून एकने कमी इतका घात केला, तर बाकी १ उरते. याचा उलट अर्थ मात्र काढता येत नाही. ३४१ म्हणजे ११ × ३१. ती संयुक्त आहे. तरी २ चा ३४० वा घात ३४१ ने भागला की बाकी १ च उरते. कारण २ चा दहावा घात १,०२४, आणि ३४१ च्या तिपटीहून तो एकने अधिक. म्हणजे ही परीक्षा उत्तीर्ण होणारा प्रत्येक जण खरा असतोच असे नाही.

फ्रेंच गणितज्ञ लुकास यांनी १८७६ मध्ये ही उणीव भरून काढण्याची दिशा दाखवली आणि अमेरिकन गणितज्ञ लेहमर यांनी १९२७ मध्ये ती रीत सुकर केली. घात वाढवत नेताना बाकी १ पहिल्यांदा केव्हा येते ते पाहायचे. ती अगदी शेवटच्या घाताला, म्हणजे शेजारी-संख्येइतक्या घाताला, प्रथमच येत असेल तर त्याआधीच्या साऱ्या बाक्या वेगवेगळ्या असतात, आणि त्यांतील एकीचाही मूळ संख्येशी सामाईक विभाजक नसतो. म्हणजे आपल्याहून लहान अशा कोणत्याच संख्येशी तिचा एकाहून मोठा सामाईक विभाजक नाही. असे केवळ मूळ संख्येबाबतच घडू शकते. आणि ‘प्रथमच’ हे तपासायला सगळे घात पाहावे लागत नाहीत. शेजाऱ्याला त्याच्या प्रत्येक मूळ अवयवाने एकदा भागायचे आणि तेवढ्याच घातांना बाकी १ येत नाही हे पाहायचे. आपल्या संख्येसाठी असे दहा तपास आणि मुख्य एक, मिळून अकरा.

एवढा प्रचंड घात काढायचा कसा, हाही प्रश्न सोपा आहे. संख्येचा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग, असे प्रत्येक वेळी बाकी घेत पुढे गेले की सुमारे साठ पायऱ्यांत काम होते. प्रत्येक पायरीला फार तर आणखी एक गुणाकार लागतो. अकरा तपासांचे सारे गुणाकार चौदाशेच्या आत बसतात. साक्षीला बसवण्याची संख्या शोधावी लागते, पण ती दुर्मीळ नाही; साधारण दर सहा संख्यांमागे एक चालते. १० ही मात्र चालत नाही, कारण तिची बाकी एकोणिसाव्या घातालाच १ होते.

तीस लाख भागाकारांच्या जागी चौदाशे गुणाकार. चिकाटीची चार-पाच मुले, वह्या आणि एक दीर्घ सुटी एवढ्या सामग्रीवर हे काम कागदावर पूर्ण होऊ शकते. ‘कोणी भागून पाहिलं?’ या प्रश्नाचे उत्तर असे की, भागून पाहण्याची गरजच उरली नाही; आणि ज्याला शंका असेल त्याला संपूर्ण पुरावा स्वतः तपासता येतो.

जगाच्या व्यवहारात मूळ संख्या

पालकांच्या हातातील मोबाइलवरून पैसे पाठवले जातात, तेव्हा तो संदेश वाटेत कोणी वाचू नये यासाठी ज्या सांकेतिक पद्धती वापरल्या जातात, त्यांतील अनेकांचा पाया मोठ्या मूळ संख्यांवर आहे. १९७७ मध्ये मांडल्या गेलेल्या प्रसिद्ध आरएसए पद्धतीत आज सामान्यतः सहाशे सतरा अंकी संख्या वापरतात. ती तीनशेहून अधिक अंकांच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार असते. गुणाकार करणे सोपे, पण उत्तरावरून ते दोन अवयव परत शोधणे आजच्या संगणकांनाही जमत नाही. त्या कामाला आपली एकोणीस अंकी संख्या फारच लहान पडते.

संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि निःसंशय ठरवण्याची सर्वसाधारण रीत असू शकते, हे २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या तिघांनी सिद्ध केले. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली विक्रमी मूळ संख्या, म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ही ४,१०,२४,३२० अंकांची आहे. पानावर तीन हजार अंक छापले तरी ती एकटीच साडेतेरा हजारांहून अधिक पाने घेईल.

उपयोग काय?

शेवटी दुसरा प्रश्न. या एका संख्येचा आपल्या मुलाला रोजच्या जगण्यात थेट उपयोग नाही, हे आम्ही स्पष्टपणे मान्य करतो. उपयोग आहे तो तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा.

आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता उचलून निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. हंगामाआधी घेतलेली उचल, रोज तोडलेल्या उसाचे टन, वजनकाट्याची पावती, मध्येच घेतलेला खर्च, खाडे आणि हंगामाअखेरची फेड, हा सारा हिशेब बहुधा दुसऱ्याच्या वहीत असतो. “इतकी फिरली” असे सांगितले जाते आणि तीच बाकी पुढच्या वर्षाच्या माथ्यावर बसते. आमच्या वसतिगृहातील कित्येक मुलांनी हे वाक्य घरी ऐकलेले आहे. त्या वहीतील बेरीज कठीण नसते. कठीण असते ते ‘ही वही मला दाखवा, मी पडताळून पाहतो’ असे म्हणणे.

मूळ संख्यांचा अभ्यास मुलाला नेमके हेच म्हणायला शिकवतो. गणिताच्या वर्गात गुरुजींचा शब्द पुरावा ठरत नाही, पुस्तकाचा ठरत नाही, यंत्राचाही ठरत नाही. ३४१ चे उदाहरण शिकलेल्या मुलाला ठाऊक असते की एका परीक्षेत खरे दिसले म्हणजे खरे असतेच असे नाही. सतरा एकांच्या माळेने त्याला शिकवलेले असते की अभेद्य दिसणारी गोष्टही आतून तुटलेली असू शकते. आणि तीस लाखांचे काम चौदाशेवर येते, हे एकदा पाहिलेला विद्यार्थी मोठ्या आकड्याला घाबरत नाही.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. गणित शिकण्यासाठी एकत्र राहण्याची जागा असावी, ही कल्पना या भूमीला नवी नाही. आता त्या जागेत कोणाला प्रवेश मिळतो, एवढाच फरक महत्त्वाचा आहे. आणि तो फरक घडवण्यासाठीच आपले वसतिगृह उभे आहे.

त्या पालकांचा मुलगा पुढे आमच्याबरोबर ५२,५७९ चे गणित सोडवायला बसला. वाचकांनाही आमची तीच विनंती आहे. कागद-पेन्सिल घ्या. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार करा. त्याला १९ ने आणि मग ५२,५७९ ने गुणा. दोन्ही टोकांना एक आणि मध्ये आठ शून्ये यायला हवीत. या लेखातील इतर गुणाकारही असेच करून पाहा. कोठे चूक आढळली तर आम्हाला अवश्य कळवा. आम्ही ती फळ्यावर लिहू आणि मुलांकडून दुरुस्त करून घेऊ.